सेकंडहँड १०८० टीआय घेऊ की नवीन ४०६०? आकडे बघून डोकं फिरलंय

कासारवडवली_कट्टा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं मशीन २०१७ चं. आय५ ७४००, एच११० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ग्राफिक कार्ड जीटीएक्स १०६० सहा जीबीवालं, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ४५० वॅट, मॉनिटर साधा १०८०पी ६० हर्ट्झ. घेतलं तेव्हा बायको म्हणालेली एवढ्यात नवीन फ्रिज आला असता. तिचं बरोबरच होतं, पण मशीन अजून एकदाही बंद पडलेलं नाही आणि नंतर घेतलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर एकदा बदलून झालाय, असो.

आता लेक अकरावीत गेलाय, त्याला डूम गेमचा नवीन भाग खेळायचाय, द डार्क एजेस. मी स्वतः रात्री जेवण झाल्यावर तासभर जीटीए पाच, बास.

तर नेरूळला एक जण ऑनलाइन १०८० टीआय विकतोय, बारा सांगतोय, अकराला सोडेल असं बोलण्यावरून वाटतंय. ऑफिसातला मित्र म्हणतो येडा आहेस का, नवीन ४०६० घे, वॉरंटी तरी मिळेल, पण ते तिशीच्या आसपास जातंय. म्हणून काल रात्री वहीत दोन्ही कार्डं शेजारी शेजारी मांडली, हसू नका. १०८० टीआय: मेमरी ११ जीबी, बस (मेमरीचा रस्ता) ३५२ बिट, मेमरीचा वेग सेकंदाला ४८४ जीबी, कुडा कोअर (गणितं करणारे भाग) ३५८४. आणि ४०६०: ८ जीबी, १२८ बिट, २७२ जीबी, कोअर ३०७२. म्हणजे २०१७ चं कार्ड २०२३ च्या कार्डाला प्रत्येक ओळीत मागे टाकतंय! मग यूट्यूबवर जो तो ४०६० पुढे कसं काय दाखवतो? वर ३०६० बघितलं तर त्यालाही बरोब्बर ३५८४ च कोअर. कोण कोणाला फसवतंय इथे?

---

पामबीच_पक्या:

१०८० टीआय म्हणजे हत्ती आहे दादा, मेला तरी सव्वा लाखाचा. अकराला मिळतंय तर डोळे मिटून उचला.

---

ऐरोलीचा_अभ्या:

डोळे मिटू नका. सावकाश सांगतो, चहा घेऊन बसा.

तुमची वही चुकीची नाहीये, आकडे बरोबर आहेत. पण दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे कोअर असे शेजारी मांडून काही कळत नाही. एक उदाहरण देतो. २०१८ च्या २०८० टीआयला ४३५२ कोअर, २०२० च्या ३०७० ला ५८८८, आणि दोन्ही कार्डं पळतात मात्र जवळजवळ सारखीच. दीड हजार कोअर गेले कुठे? कुठेच नाही. ३००० सिरीजपासून कोअरची रचना बदलली, आधी जो भाग फक्त पूर्णांकाची गणितं करायचा तो आता दशांशाचीही करतो, म्हणून मोजताना तो पण कोअर म्हणून धरला. पाटीवरचा आकडा फुगला, काम तेवढं फुगलं नाही.

आता तुमचं १०८० टीआय आणि ३०६०. दोघांना ३५८४, मान्य. पण १०८० टीआयला टेक्स्चर युनिट (चित्रावर पोत चढवणारे भाग) २२४ आहेत आणि ३०६० ला ११२, आरओपी (तयार चित्र लिहिणारे भाग) तिकडे ८८ तर इकडे ४८. म्हणजे मजूर तेवढेच पण त्यांच्या हाताखालची घमेली अर्धी. म्हणूनच चार वर्षं जुनं असूनही १०८० टीआय साध्या गेममध्ये ३०६० ला अजून खांद्याला खांदा लावून उभं राहतं, आणि १०८० टीआयचे फॅन लोक इतके कट्टर का असतात तेही त्यावरून कळेल. पण १०८० टीआय हे सत्तरच्या वर्गाच्याही वरचं (नावातले शेवटचे दोन आकडे म्हणजे वर्ग), त्या काळचं टॉपचं कार्ड होतं आणि ते आता साठच्या वर्गाशी बरोबरी करतंय हेही लक्षात घ्या.

४०६० चं गणित वेगळं. कोअर कमी पण घड्याळ (चालण्याचा वेग) फास्ट. १०८० टीआयचा बूस्ट कागदावर १५८२ मेगाहर्ट्झ, ४०६० चा २४६०. कोअर गुणिले घड्याळ गुणिले दोन करा: ११.३ टेराफ्लॉप आणि १५.१ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं). बघा, तुमच्याच वहीतल्या आकड्यांवरून पारडं फिरलं.

राहिला बँडविड्थचा, म्हणजे मेमरीतून माल आणायच्या वेगाचा प्रश्न, ४८४ विरुद्ध २७२. तुम्ही फ्रिज काढलाच आहे तर त्यावरूनच सांगतो. वाशीच्या एपीएमसीतून भाजी आणायचीय. १०८० टीआयकडे भला मोठा टेम्पो आहे पण घरात फ्रिज पिटुकला, तीन एमबीपेक्षाही कमी एल२ कॅश (चिपमधलीच छोटी मेमरी). त्यामुळे कोथिंबिरीची एक जुडी लागली तरी टेम्पो काढा. ४०६० कडे रिक्षा आहे पण घरात फ्रिज २४ एमबीचा, त्यामुळे मार्केटात जायची वेळच कमी येते. १०८०पी वर हे मस्त जमतं. १४४०पी, फोरके करायला गेलात की फ्रिज पुरत नाही, रिक्षाच्या फेऱ्या वाढतात, मग ४०६० ला धाप लागते. तुमचा मॉनिटर १०८०पी आहे तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

एवढं करून ४०६० पुढे आहे ते थोडंसंच. आणि नवीन नंबर म्हणजे जास्त वेग असंही समजू नका, ४०६० हे ३०६० टीआयच्या जरा मागेच पडतं. आधीचा आकडा पिढीचा, नंतरचा वर्गाचा, आणि कंपनीला वाटेल तेव्हा ती वर्गातला माल पातळ करते. १०६० सहा जीबी, २०६०, ३०६० सगळ्यांना १९२ बिटचा बस होता, ४०६० ला आणला १२८ वर.

---

कासारवडवली_कट्टा:

अभ्याभाऊ, कोटी कोटी धन्यवाद, हे यूट्यूबवाले असं का सांगत नाहीत! म्हणजे वेगात उन्नीस-बीस असेल तर अकरा हजारवालंच बरं ना? वाचलेल्या पैशात एसएमपीएस पण येईल.

---

खारघर_वारा:

मी ते कार्ड वापरलंय, १०८० टीआय, सेकंडहँडच घेतलेलं, म्हणून लिहितो.

घरी आणलं, लावलं, पहिल्या दहा मिनिटांत ८४ डिग्री आणि घड्याळ खाली खाली. त्या कार्डाची मर्यादाच ८४ ला ठेवलेली असते, तिथे पोचलं की ते स्वतःहून वेग कमी करतं, म्हणजे बेंचमार्कमध्ये दिसतं ते कार्ड वेगळं आणि तुमच्या कॅबिनेटमधलं वेगळं. रविवारी उघडलं. वरचे स्क्रू काढले, कूलर हलेना, हेअर ड्रायरने गरम करून मग हलक्या हाताने पिळून काढला. थर्मल पेस्ट काय होती सांगू, गणपती विसर्जनानंतर पाटावर वाळलेली शाडू असते ना तशी, नखाने टोकरली तर पापुद्रे निघाले. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा थर एवढा दाबून बसलेला की चिमट्याने ओढला तर नमद्यासारखा अख्खाच्या अख्खा बाहेर आला. आणि खाडीची हवा, खालच्या सोनेरी पट्टीवर काळपट डाग, ते शाळेच्या खोडरबराने घासून काढले. नवीन पेस्ट, नवीन पॅड. मग ७१ डिग्री आणि घड्याळ १८५० च्या आसपास स्थिर. तेच कार्ड, तोच गेम, फरक सरळ डोळ्यांना दिसला.

म्हणजे जुन्याची नव्याशी तुलना करताना लोक जे जुने रिव्ह्यू काढतात ते नव्याकोऱ्या कार्डाचे असतात. तुम्हाला मिळणार ते सात-आठ पावसाळे खाल्लेलं. त्यात २०२१-२२ ला मायनिंगवाल्यांनी (कार्डांवर क्रिप्टो नाणी काढणारे) कार्डं कशी राबवली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर कशी बाजारात ओतली ते सगळ्यांना माहितीये. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही हं, पण पंखे गेलेले असतात.

अजून दोन गोष्टी. ते २५० वॅट खातं आणि तुमचा एसएमपीएस ४५० चा, तोही २०१७ चा. नाही चालणार. ४०६० खातं ११५. रोज चार तास खेळलात तर १३५ वॅटचा फरक म्हणजे महिन्याला १६ युनिट. घरदार विकावं लागेल असं नाही, पण कॅबिनेटमधून जी गरम हवा बाहेर येते ना ती मे महिन्यात बंद खोलीत बसून अनुभवा एकदा.

---

वाशीची_वसू:

डूम चालणारच नाहीये त्यावर! एवढं लिहिलंत सगळ्यांनी आणि मूळ गोष्ट कोणी बोललंच नाही.

द डार्क एजेसला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजायची कार्डातलीच सोय) कंपल्सरी आहे. सेटिंगमध्ये बंद करायची सोय नाही. कमीत कमी २०६० सुपर किंवा एएमडीचं आरएक्स ६६०० लागतं, ८ जीबी व्हीरॅमसकट (म्हणजे कार्डावरची मेमरी). १०८० टीआयमध्ये ते हार्डवेअरच नाही. हत्ती असो की अजून काही, गेम सुरूच होणार नाही. इंडियाना जोन्सच्या २०२४ च्या गेमचंही तेच. वर एनव्हिडियाने पास्कलचे (१००० सिरीजचे) गेमसाठीचे नवीन ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. तुमचं १०६० पण त्याच यादीत आहे.

माझं काम व्हिडिओ एडिटिंग आणि थोडं ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), मी १०७० वरून ३०६० बारा जीबीवर गेले. गेममध्ये म्हणाल तर धाकट्या भावाने थोडं नाक मुरडलं, एवढाच फरक का म्हणून. पण ब्लेंडरमध्ये रेंडर ऑप्टिक्सवर (एनव्हिडियाची रे ट्रेसिंगवाली पद्धत) टाकला तर आधी जेवून यायचे, आता पाणी पिऊन येईपर्यंत होतो. म्हणजे तीच दोन कार्डं एका कामात जवळजवळ आणि दुसऱ्या कामात जमीन-अस्मान. कशासाठी घेताय ते आधी ठरवा.

---

पामबीच_पक्या:

ताई बरोबर. माझा डूमवाला मुद्दा सुटला. पण जीटीएला १०८० टीआय अजून राजा आहे, यावर मी ठाम.

---

तीन_हात_नाका:

इंटेलचं बी५८० बघा ना, १२ जीबी, नवीन, वॉरंटी, १९० वॅट.

---

ऐरोलीचा_अभ्या:

@तीन_हात_नाका दादांच्या मशीनवर नको. इंटेलच्या कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, नाहीतर ती मान टाकतात, आणि जुन्या प्रोसेसरबरोबर तर अजूनच. तुमच्या आय५ सारख्या सातव्या जनरेशनला ते अधिकृतपणे नाहीच.

आणि यावरून खरा मुद्दा निघतो जो मी आधी लिहायला हवा होता. कट्टादादा, तुमचा प्रोसेसर चार कोअर चार थ्रेड आहे. तुम्ही कुठलंही कार्ड लावा, प्रोसेसर त्याला पुरेसं काम देऊ शकला नाही तर कार्ड हात बांधून बसणार. वर ४०६० ला बोर्डशी बोलायला आठच लेन असतात, तुमच्या बोर्डवर त्या जुन्या पीसीआय ३.० च्या वेगाने चालणार, म्हणजे सेकंदाला आठेक जीबी, नव्या बोर्डवर त्याच्या दुप्पट. मेमरीत मावतंय तोवर जाणवत नाही. ८ जीबी भरली की सगळा माल त्या अरुंद बोळातून, आणि मग गेम अडखळतो.

मित्राकडे ४०६० आहे म्हणालात ना? नाही म्हणालात बहुतेक, पण कोणाकडे असेल तर एक शनिवार मागून आणा आणि स्वतःच्या मशीनवर लावून बघा. फुकटात उत्तर मिळेल. बघताना सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघू नका, सगळ्यात खालचे एक टक्का, म्हणजे सगळ्यात संथ फ्रेमचा वेग बघा. घोडबंदरवरून जाता ना रोज? दिवसाची सरासरी काढली तर गाडी बऱ्यापैकी स्पीडने जाते. गायमुखला जो अर्धा तास उभे राहता तो सरासरीत दिसत नाही, पण शिव्या त्यालाच घालता.

---

कासारवडवली_कट्टा:

रोजच घालतो. मित्राच्या भावाकडे आहे ४०६०, विचारतो.

---

मुलुंड_चेकनाका_जुना:

वाचतोय. सेकंडहँड घेणाऱ्या सगळ्यांसाठी एकच, कार्ड लावून जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एका दुकानातून, नाव घेत नाही, १०६० म्हणून कार्ड आणलेलं, बॉक्स १०६० चा, विंडोजमध्ये नाव १०६० चं. जीपीयू-झेडने नावापुढे सरळ फेक लिहून दाखवलं. आत कितीतरी जुनी चिप, बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून विकलेली. परत द्यायला गेलो तर माणूस म्हणतो तुम्हीच बदललं असेल. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला तीन खेपा मारल्या तेव्हा अर्धे पैसे सुटले.

आणि बनावट नसली तरी नावात गंमत असतेच. १०६० तीन जीबीला मेमरीच कमी असं नाही, कोअरही १२८० ऐवजी ११५२ होते, नाव तेच. आरएक्स ५८० मध्ये २०४८एसपी लिहिलेलं दिसलं तर ते मुळात ५७० आहे.

---

खारघर_वारा:

आणि विकणाऱ्याच्या घरी जाऊन वीस मिनिटं हेवन नाहीतर सुपरपोझिशन ही कार्डाला घाम फोडणारी टेस्ट लावून बसा. तो म्हणेल पाच मिनिटं पुरेत. पाच मिनिटांत गरम होत नाही काही. चहा मागा हवं तर.

---

कासारवडवली_कट्टा:

मंडळी, अपडेट. थोडं लांबलंय.

शनिवारी मित्राचा भाऊ कार्ड घेऊन स्वतःच आला, सोबत त्याची बायको आणि एक लहान पोरगं, त्यामुळे बायकोने पोह्यांचा घाट घातला आणि टेस्टिंग सुरू व्हायला दुपार झाली. आधी माझं १०६०, जीटीए, मी नेहमी खेळतो त्याच सेटिंगवर, शहरातून तोच रस्ता तीनदा गाडी चालवून. सरासरी ७४. खालचं एक टक्का ४१.

मग ४०६० लावलं. बसवताना माझेच हात थरथरत होते, दुसऱ्याचं कार्ड. सुरू केलं, तोच रस्ता. सरासरी ८१. खालचं एक टक्का ४२.

मला वाटलं ड्रायव्हरचा घोळ असेल, काढून परत टाकला. तेच. मग अभ्याभाऊंनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यात आकडे चालू केले, प्रोसेसर सतत ९८, ९९, १०० टक्के आणि ते बिचारं कार्ड ४० टक्क्यांच्या आसपास लोळतंय. ज्या चौकात माझ्या १०६० वर गेम अडखळायचा त्याच चौकात तस्सच अडखळलं. तीस हजार घालून मी सात एफपीएस आणणार होतो, तेही ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर जिथे ते दिसलेही नसते!

टाइम स्पाय (कार्डाची ताकद मोजणारी टेस्ट) मात्र लावलं, त्यात ग्राफिकचा स्कोअर १०६० चा ४,२०० च्या आसपास आणि ४०६० चा साडेदहा हजारावर गेला. म्हणजे कार्ड अडीचपट आहे हो, खोटं नाही काही. माझ्या घरात ते अडीचपट नाही एवढंच.

डूमसाठी बघितलं तर त्याच्या कमीत कमी मागणीतच आठ कोअर सोळा थ्रेड लिहिलेत. लेकाला दाखवलं. तो म्हणे बाबा तुम्ही मुद्दाम शोधून काढता.

---

ऐरोलीचा_अभ्या:

हे झकास केलंत. आता बोर्ड आणि प्रोसेसर आधी. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बी५५० बोर्ड आणि रायझन ७ ५७००एक्स बघा, आठ कोअर सोळा थ्रेड, ६५ वॅट. मुख्य म्हणजे तुमचा डीडीआर४ रॅम तसाच उचलून लावता येईल, रॅमचे भाव सध्या जे चढलेत ते बघता हा फायदा लहान नाही. लेनही नव्या वेगाच्या मिळतील. शिवाय तुमच्या सातव्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे हे कधी ना कधी करावंच लागणार होतं. १०६० तोवर राहू दे.

---

वाशीची_वसू:

आणि नंतर कार्ड घेताना बिलासकट ३०६० बारा जीबी सेकंडहँड मिळालं तर बघा, डीएलएसएस (छोटं चित्र हुशारीने मोठं करून वेग वाढवायची सोय) पण चालतं त्यावर, आणि ८ जीबीची कटकट नाही. ती नवीन कार्डांची जास्तीच्या फ्रेम मधे घुसवायची जाहिरात मनावर घेऊ नका. २०२५ च्या जानेवारीत स्टेजवर सांगितलेलं की ५०७० म्हणजे ४०९० चा परफॉर्मन्स, ते सगळं त्या घुसवलेल्या फ्रेमच्या जिवावर. दिसायला गुळगुळीत दिसतं, बटन दाबल्यावरचा उशीर कमी होत नाही, उलट जरा वाढतोच.

---

कासारवडवली_कट्टा:

बोर्ड, प्रोसेसर आणि ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला, काल रात्री जोडला. कार्ड तेच जुनं १०६०. जीटीए, तोच रस्ता: सरासरी ९०, खालचं एक टक्का ६३. त्या चौकातून चार वेळा गेलो मुद्दाम.

लेक दोन दिवस बोलत नाहीये. त्याला बोनसनंतर ३०६० चं सांगितलंय, तर म्हणतो लिहून द्या.

---

पामबीच_पक्या:

दादा, ते नेरूळवालं १०८० टीआय अजून आहे. नऊ हजार केलंय त्याने आता.

---

कासारवडवली_कट्टा:

पक्या, लिंक पाठवू नकोस.

---

खारघर_वारा:

मला पाठव.